डॉक्टरांची शाळा, चायनाटाउनमधली

चिनी रुग्ण बघणाऱ्या डॉक्टरला पदवीनंतरही का शिकत राहावं लागतं, ते एका गोळीवरून कळतं. कार्बामाझेपीन ही फिट्सवरची जुनी, स्वस्त आणि भरवशाची गोळी. चेहऱ्याच्या नसेत उठणाऱ्या असह्य कळांवरही हीच देतात. बहुतेकांना ती निमूट मानवते. पण अगदी थोड्या जणांना गोळी सुरू केल्यावर काही आठवड्यांतच ताप येतो, घसा दुखतो, डोळे लाल होतात. कुणालाही साधा व्हायरल वाटावा. मग ओठांवर, तोंडात फोड उठतात आणि अंगावरची कातडी भाजल्यासारखी सुटू लागते. हा स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम. यात माणूस दगावू शकतो. वाचला तरी दृष्टी जाऊ शकते.

२००४ साली तैवानच्या संशोधकांनी कार्बामाझेपीनमुळे हा आजार झालेले ४४ रुग्ण तपासले, सगळे हान, म्हणजे चिन्यांतल्या बहुसंख्य वंशाचे. चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस जणांत एकच जनुक-प्रकार सापडला : एचएलए-बी*१५:०२. गोळी नीट मानवलेल्यांमध्ये तो जेमतेम ३ टक्के लोकांत होता. वैद्यकशास्त्रात इतकं स्वच्छ उत्तर क्वचितच हाती लागतं. एचएलए प्रथिनं पेशीच्या पृष्ठभागावर बसून आतल्या प्रथिनांचे तुकडे टी-पेशींना, म्हणजे शरीराच्या पहारेकरी पेशींना, दाखवत असतात; आपलं कोण नि परकं कोण, याचा निवाडा टी-पेशी त्यावरून करतात. कार्बामाझेपीनचा रेणू नेमका या प्रकारच्या प्रथिनाला चिकटतो आणि टी-पेशी आपल्याच त्वचेवर तुटून पडतात. हे जनुक असलेल्या प्रत्येकाला आजार होतोच असं नाही, पण जुगार खेळावा इतका धोका लहानही नाही. डिसेंबर २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सांगितलं, की ज्या वंशांत हे जनुक आढळतं त्यांची गोळी देण्याआधी रक्ततपासणी करा. पुढे तैवानमध्येच ४,८७७ जणांची आधी तपासणी झाली, जनुक आढळलेल्या ७.७ टक्के लोकांसाठी ही गोळी टाळली, आणि बाकीच्यांत एकालाही स्टीव्हन्स-जॉन्सन झाला नाही.

आता १९९५ साली पदवी घेऊन न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये दवाखाना थाटलेल्या, चिनी रुग्ण बघणाऱ्या डॉक्टरला हे कळणार कसं? गोऱ्या लोकांत हे जनुक जवळपास नसतंच. कॉलेजात शिकवलं नाही, वॉर्डात दिसलं नाही.

इथे सीएमई, म्हणजे निरंतर वैद्यकीय शिक्षण, कामाला येतं. आपल्या डॉक्टरांनाही ते चुकलेलं नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी टिकवायला पाच वर्षांत ३० क्रेडिट लागतात, आणि रविवारी हॉटेलच्या हॉलमध्ये सही ठोकून थेट जेवणाच्या रांगेत उभे राहणारे महाभाग सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. कॅलिफोर्नियात दोन वर्षांत ५० तास भरावे लागतात. तिथे जुलै २००६ पासून कायदाच आहे, की रुग्णसेवेशी संबंध असलेल्या सीएमई अभ्यासक्रमात रुग्णाची भाषा आणि संस्कृती हा भाग हवाच. न्यूयॉर्कमध्ये चिनी वंशाच्या डॉक्टरांनी त्याच्याही कितीतरी आधी, १९६२ मध्ये, आपली वैद्यकीय संस्था काढली. १९७१ मध्ये मॅनहॅटनच्या चायनाटाउनमध्ये, म्हणजे चिनी वस्तीत, रस्त्यावर आरोग्य मेळावा भरला आणि त्यातून स्वयंसेवकांचा दवाखाना उभा राहिला. आजचं चार्ल्स बी. वांग आरोग्य केंद्र ते हेच.

चिनी रुग्ण बघणाऱ्या डॉक्टरांच्या सीएमई वर्गांत सगळ्यात जास्त वेळ हिपॅटायटिस बी या काविळीला द्यावा, असं माझं मत आहे. नवजात बाळाला आईकडून लागण झाली तर सुमारे ९० टक्के वेळा विषाणू यकृतात कायमचा मुक्काम ठोकतो. मोठेपणी झाली तर हेच प्रमाण ५ टक्क्यांच्याही खाली. चीनमध्ये नवजातांच्या नेहमीच्या लसीकरणात ही लस आली १९९२ मध्ये. त्याआधी जन्मलेली पिढी आज अमेरिकेत रेस्टॉरंटच्या भटारखान्यात राबते किंवा नातवंडं सांभाळते. अमेरिकेच्या लोकसंख्येत आशियाई वंशाचे लोक सुमारे ७ टक्के, पण जुनाट हिपॅटायटिस बी असलेल्यांत निम्म्याहून अधिक तेच.

डॉक्टरला मात्र पूर्वी शिकवलेलं असतं, की हा आजार नशेच्या सुया आणि असुरक्षित संबंध यांतून येतो. समोर बसलेल्या साठीच्या आजीबाईंना हे प्रश्न कोण विचारणार? त्यांना काही होतही नसतं, यकृताचा रिपोर्टही बरेचदा नॉर्मल येतो. या विषाणूमुळे होणाऱ्या यकृताच्या कर्करोगाची गाठ आतल्या आत वाढत असली तरी बाहेर पत्ता लागत नाही. म्हणून वर्गात शिकवतात ते असं : लक्षणं नंतर, आधी जन्म कुठला ते विचारा. विषाणू सापडला तर आशियाई पुरुषाची चाळिशीपासून आणि बाईची पन्नाशीपासून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करा, यकृत घट्ट झालेलं नसलं तरी. केमोथेरपी किंवा जास्त मात्रेचं स्टेरॉइड देण्याआधी तर ही तपासणी हवीच, कारण झोपलेला विषाणू त्यामुळे उसळतो. २०२३ पासून अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने प्रत्येक प्रौढाची आयुष्यात एकदा तरी तपासणी करा असं सांगितलं आहे, त्यामुळे निदान अवघडलेल्या प्रश्नांतून सुटका झाली.

दुभाष्याचं म्हणाल तर नियम सोपा आहे : तातडीची वेळ वगळता मुलांना मध्ये घालायचं नाही. आईच्या स्तनातली गाठ बारा वर्षांच्या मुलीने समजावून सांगायची, हे त्या मुलीच्याही जिवावरचं असतं. जडीबुटीचा प्रश्नही वर्गात निघतो. रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन चालू असताना कुणी डाँग क्वाय ही मुळी सूपमध्ये उकळून घेत असेल तर रक्तस्राव होऊ शकतो. ‘दुसरं औषध घेता का?’ असं विचारलं तर उत्तर नाही असंच येणार. सूप हे त्यांच्या लेखी औषध नव्हेच.

या शिक्षणातला मोठा खड्डा म्हणजे ‘आशियाई’ नावाचं खोकं. एचएलए-बी*१५:०२ हाँगकाँगमध्ये १५ टक्क्यांहून जास्त लोकांत आढळतं, उत्तर चीनमध्ये ४ टक्क्यांच्या आसपास आणि जपान-कोरियात एका टक्क्याच्याही आत. आडनावावरून अंदाज बांधणारा डॉक्टर इथे सपशेल आपटतो. आणि या खोक्यात आपणही आहोत : अमेरिकी औषधपत्रकानुसार भारतीयांत हे जनुक सरासरी २ ते ४ टक्के, काही समूहांत जास्त. रोसुव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी चिनी, जपानी आणि भारतीय वंशाच्या लोकांच्या रक्तात दुपटीच्या आसपास चढते, म्हणून सुरुवात ५ मिलिग्रॅमने करायची असते. मधुमेहाची तपासणीही आशियाई वंशाच्या माणसाला बीएमआय (उंचीच्या मानाने वजन मोजणारा आकडा) २३ झाला की करावी, २५ ची वाट बघू नये, असं अमेरिकन डायबिटीस असोसिएशन २०१५ पासून सांगते आहे.

नुसतं ‘चिनी’ एवढं कळूनही भागत नाही. नाकामागच्या पोकळीतला कर्करोग दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग भागात जितका दिसतो तितका जगात फार थोड्या ठिकाणी दिसतो. एपस्टाइन-बार विषाणू, खारवलेले मासे आणि आनुवंशिकता ही त्याची कारणं. मॅनहॅटनच्या चायनाटाउनची जुनी वस्ती मुख्यतः ग्वांगडोंगचीच, तर नंतर आलेले पुष्कळजण फुजियान या दुसऱ्या प्रांताचे. पन्नाशीच्या माणसाचा एकच कान महिनाभर दडा बसल्यासारखा राहिला आणि मानेत न दुखणारी गाठ लागली, तर कानात थेंब घालून घरी पाठवण्याआधी त्याचे आईवडील कुठल्या गावचे ते विचारायचं आणि दुर्बिणीने नाकाच्या मागे बघायला कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे धाडायचं.