खारातल्या भाज्यांमधील लॅक्टिक आम्ल जीवाणू : नवी प्रजाती ओळखणे

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातल्या मराठी घरांत कैरी, आवळा, हिरवी मिरची मिठाच्या पाण्यात, म्हणजे खारात घालून ठेवतात. चिनीमातीच्या बरणीला दादरा बांधतात. मीठ बेताचे असेल तर काही दिवसांत खार गढुळतो, बारीक बुडबुडे येतात, आंबूस वास सुटतो. बिघडला म्हणून तो कुणी ओतूनही देते; अभ्यासकाला मात्र नेमका तोच हवा असतो, कारण त्यात साखरेचे लॅक्टिक आम्ल करणारे जीवाणू असतात आणि त्यांत एखादी नवी प्रजाती सापडू शकते. तेलातले लोणचे यात धरत नाहीत, कारण भरपूर मिठामुळे ते फारसे आंबतच नाही.

नमुन्यासोबत भाजी, दिवस आणि मिठाचे प्रमाण नोंदवतात. घरात मीठ ‘मुठीच्या अंदाजाने’ पडते, त्यामुळे ती मूठ तराजूवर घालून घेतलेली बरी.

भाजी आंबताना बहुधा आधी ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडस हा जीवाणू वाढतो. बुडबुडे बरेचसे त्याचेच. आम्लता वाढली की तो मागे पडतो आणि लॅक्टिप्लांटिबॅसिलस प्लांटारम जोर धरतो. प्रयोगशाळेत खार पातळ करून एमआरएस या जीवाणू वाढवण्याच्या माध्यमावर पसरतात. त्यात कॅल्शियम कार्बोनेट मिसळले असेल तर आम्ल करणाऱ्या वसाहतीभोवती पांढुरके माध्यम निवळून स्वच्छ कडे उमटते. वसाहतीवर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकल्यावर फेस आला, तर ती सहसा बाद; या जीवाणूंत कॅटालेज हे विकर साधारणपणे नसते.

पुढे १६एस आरआरएनए हे सर्व जीवाणूंत असणारे, सुमारे १,५०० डीएनए-अक्षरांचे जनुक वाचतात. ज्ञात प्रजातींशी साम्य ९८.७ टक्क्यांखाली आले तर नवेपणाची शक्यता बळावते. उलटे मात्र खरे नाही : प्लांटारम, पेंटोसस आणि पॅराप्लांटारम या तीन वेगळ्या प्रजातींत हे जनुक जवळपास सारखेच असते. म्हणून संपूर्ण जनुकसंच ताडून पाहतात. सरासरी साम्य ९५-९६ टक्क्यांहून कमी भरले तर प्रजाती वेगळी मानतात. एवढ्यानेही नाव मिळत नाही. प्रातिनिधिक वाण दोन वेगळ्या देशांतल्या जीवाणू-संग्रहांत ठेवावा लागतो (भारतात असे संग्रह चंडीगड आणि पुण्यात आहेत) आणि त्याचे रीतसर वर्णन प्रसिद्ध व्हावे लागते. कोरियाच्या किमचीतल्या ल्युकोनोस्टॉक किमचीचे असे वर्णन २००० मध्ये झाले.

बरणीतून बहुतेक वेळा जुनीच मंडळी निघतात. त्यात २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस प्रजातीसमूहाची २५ प्रजातीसमूहांत फेरमांडणी झाल्याने जुन्या कागदांतला लॅक्टोबॅसिलस प्लांटारम आणि आजचा लॅक्टिप्लांटिबॅसिलस प्लांटारम एकच, हे आधी पडताळून घ्यावे लागते.