कार्यप्रणालींची सुसंगतता

एखादा प्रोग्रॅम किंवा संगणकाला जोडलेले एखादे उपकरण दिलेल्या ऑपरेटिंग सिस्टीमवर, म्हणजेच कार्यप्रणालीवर, नीट चालण्याला सुसंगतता म्हणतात. प्रश्न वरवर हो-नाहीचा वाटतो. उत्तर मात्र बहुतेक वेळा ‘चालते, पण’ असे येते. प्रिंटर छापतो, पण त्याचा स्कॅनर दिसत नाही. प्रोग्रॅम उघडतो, पण फाइल सेव्ह करताना बंद पडतो. त्यामुळे सर्वांत सुसंगत कार्यप्रणाली कोणती, असे विचारून फारसे हाती लागत नाही. कोणी कशाच्या बाबतीत शब्द दिला आणि तो किती वर्षे पाळला, हे पाहावे लागते.

एकाच प्रोसेसरवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही चालतात, तरी एकीचा प्रोग्रॅम दुसरीवर चालत नाही. सूचना प्रोसेसरला कळतात. अडते ते इतरत्र. प्रोग्रॅमच्या फाइलची मांडणीच निरनिराळी असते: विंडोजची पीई, लिनक्सची ईएलएफ, मॅकओएसची मॅक-ओ. विंडोजची कोणतीही ईएक्सई फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलमधले बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडली की सुरुवातीलाच एम आणि झेड ही दोन अक्षरे दिसतात. विंडोजच्या आधीच्या डॉस या कार्यप्रणालीवर काम केलेले मायक्रोसॉफ्टचे मार्क झ्बिकोव्स्की यांची ती आद्याक्षरे. डॉस कधीच मागे पडले, अक्षरे जागची हललेली नाहीत. फाइल वाचायला, पडद्यावर काही काढायला प्रोग्रॅम कार्यप्रणालीकडे मागणी करतो, आणि मागणीची पद्धतही प्रत्येकीची वेगळी. लिनक्समध्ये कर्नलकडे, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याकडे, करायच्या मागण्यांचे क्रमांक कायम ठेवले जातात. विंडोजमध्ये ते आवृत्तीगणिक बदलू शकतात. तिथे कायम राहतात ती प्रोग्रॅम आणि कर्नल यांच्या मधल्या डीएलएल या सामायिक फायलींमधली फंक्शने. पुढचे बरेचसे फरक या एका गोष्टीतून निघतात.

लहानमोठ्या यंत्रांचे एकच कुटुंब आणि सगळ्यांवर तेच प्रोग्रॅम, ही कल्पना आयबीएमने १९६४ साली सिस्टीम/३६० जाहीर करून बाजारात रुजवली. युनिक्स या कार्यप्रणालीने वेगळी वाट धरली. १९७३ मध्ये ती सी भाषेत नव्याने लिहिली गेली आणि प्रोग्रॅमची मूळ संहिता दुसऱ्या यंत्रावर नेऊन पुन्हा कंपाइल करणे, म्हणजे त्या यंत्राच्या सूचनांत बदलणे, सोपे झाले. १९८८ च्या पॉझिक्स मानकाने याच संहिता-पातळीच्या सुसंगततेचे नियम बांधले. तयार प्रोग्रॅम जसाच्या तसा चालणे ही द्विमान पातळीची सुसंगतता. ती याहून अवघड, आणि सामान्य वापरणाऱ्याला हवी असते ती हीच.

या बाबतीत विंडोजचा हात धरणारे कोणी नाही. सिमसिटी हा खेळ मोकळी केलेली मेमरी पुन्हा वाचत असे. डॉसमध्ये ती चूक खपून जाई, कारण मोकळ्या झालेल्या जागेला मध्येच दुसरे कोणी हात लावत नसे. विंडोज ९५ मध्ये ते चालणारे नव्हते. तेव्हा मायक्रोसॉफ्टने सिमसिटी सुरू आहे का हे ओळखून मेमरी वेगळ्या पद्धतीने हाताळणारी खास सोय कार्यप्रणालीतच केली. चूक खेळाची, दुरुस्ती विंडोजची! विंडोज ७ चा अंतर्गत आवृत्ती क्रमांक ७ नसून ६.१ आहे, तोही आवृत्ती तपासणारे जुने प्रोग्रॅम बिचकू नयेत म्हणून. या जपणुकीचे ओझेही आहे. डॉसमध्ये ‘कॉन’ हे कन्सोलचे राखीव नाव होते, म्हणून त्या तीन रोमन अक्षरांच्या नावाचे फोल्डर फाइल एक्सप्लोररमध्ये बनवता येत नाही. ६४-बिट विंडोजमध्ये सिस्टीम३२ नावाच्या फोल्डरात ६४-बिट फायली असतात, आणि सिसवाव६४ नावाच्या फोल्डरात ३२-बिट. नावे उलटी वाटतात, पण जुन्या प्रोग्रॅमांत पहिल्या फोल्डरचा पत्ता कोरलेला असल्याने ते बदलणे परवडणारे नव्हते. अर्थात जपणुकीलाही सीमा आहे: ६४-बिट विंडोजवर १६-बिट प्रोग्रॅम चालत नाहीत.

ॲपलचा स्वभाव नेमका उलटा. मॅकचा प्रोसेसर १९९४, २००६ आणि २०२० असा तीनदा बदलला. दर वेळी जुने प्रोग्रॅम चालवणारा दुभाषा सोबत दिला गेला, पण मुदतीपुरताच. २००६ चा रोझेटा २०११ मध्ये काढून टाकला गेला. मॅकओएसच्या २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीने ३२-बिट प्रोग्रॅम सरसकट बंद केले. प्रणाली त्यामुळे सुटसुटीत राहते. जुन्या सॉफ्टवेअरवर विसंबणाऱ्याला मात्र ही शिस्त महागात पडते.

लिनक्सचा शब्द दुहेरी आहे. वापरकर्त्याचे प्रोग्रॅम मोडायचे नाहीत, हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा कर्नलपुरता दंडक. कर्नलच्या आत मात्र ड्रायव्हरसाठी, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, स्थिर इंटरफेस (जोडणीची ठरलेली पद्धत) जाणूनबुजून ठेवलेला नाही. ज्या उपकरणाचा ड्रायव्हर कर्नलच्या संहितेत सामील झाला, त्याची देखभाल कर्नलसोबत होत राहते. उत्पादकाने ड्रायव्हर बाहेर ठेवला, तर कर्नलच्या नव्या आवृत्तीबरोबर तो मोडू शकतो. म्हणूनच उत्पादकाने वाऱ्यावर सोडलेला एखादा स्कॅनर लिनक्सवर गुपचूप चालतो आणि नव्याकोऱ्या लॅपटॉपचे वायफाय चालत नाही. शिवाय कर्नलच्या वरची लायब्ररींची, म्हणजे प्रोग्रॅमांना लागणाऱ्या तयार फंक्शनांच्या संचांची, पातळी उबुंटू, फेडोरा अशा वितरणागणिक वेगळी असते. फ्लॅटपॅक, स्नॅप यांसारखे प्रकार लायब्ररींची शिदोरी प्रोग्रॅमसोबतच बांधून देतात, ते यासाठीच.

हार्डवेअरच्या बाजूने सर्वांत कमी कटकट यूएसबीच्या ठरीव वर्गांतल्या उपकरणांची. कीबोर्ड, माउस, पेनड्राइव्ह कुठेही लावले तरी कार्यप्रणालीतलाच सर्वसाधारण ड्रायव्हर त्यांना पुरतो. ग्राफिक्स कार्डाचे तसे नाही. २००७ साली विंडोजची व्हिस्टा ही आवृत्ती बाजारात आली तेव्हा ग्राफिक्स ड्रायव्हरची रचना बदललेली होती आणि चांगली चालती यंत्रे अडखळू लागली. कधी ड्रायव्हर असूनही वाट अडते: २०२१ च्या विंडोज ११ ने टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि ठरावीक प्रोसेसरांची अट घातली, त्यामुळे विंडोज १० वर सुरळीत चालणारे कितीतरी संगणक अधिकृत यादीबाहेर पडले.

दोन्ही तीरांना जोडणारे पूलही आहेत. १९९३ मध्ये सुरू झालेला वाइन हा प्रकल्प विंडोजची फंक्शने लिनक्सवर नव्याने लिहितो. त्याची १.० आवृत्ती यायला २००८ साल उजाडले, यावरून कामाचा आवाका कळावा. वाइनवर आधारलेल्या, २०१८ मधल्या व्हॉल्व्ह या खेळांच्या कंपनीच्या प्रोटॉनमुळे विंडोजचे असंख्य खेळ लिनक्सवर आले. कर्नलमध्ये शिरून फसवणूक पकडणारी यंत्रणा लागणारे बरेच खेळ मात्र अजून बाहेरच आहेत. उलट दिशेने, विंडोजमध्ये लिनक्सचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या डब्ल्यूएसएल या सोयीच्या दुसऱ्या आवृत्तीत खराखुरा लिनक्स कर्नल आभासी यंत्रात (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकात) चालतो. फायलींची देवाणघेवाण करायची तर पेनड्राइव्हवर एक्सफॅट ही फायली साठवण्याची मांडणी बरी पडते. जुन्या फॅट३२ वर ४ जीबीची एक फाइलही मावत नाही.

प्रणाली बदलण्यापूर्वी आधी ज्यांच्यावाचून अडते त्या प्रोग्रॅमांची यादी करतात, हार्डवेअर नंतर पाहतात. लिनक्सच्या बाबतीत लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे पेनड्राइव्हवरच्या लिनक्सवरून, संगणक सुरू करून, हार्ड डिस्कला धक्का न लावता परीक्षा घेता येते. वायफाय आणि आवाज सगळेच तपासतात. लॅपटॉपचे झाकण मिटून दहा मिनिटांनी पुन्हा उघडून पाहायचे राहून जाते, आणि झोपेतून नीट जागे होणे हेच पुष्कळ यंत्रांना जमत नाही.