दोन कच्चे स्रोत, एक पक्की किल्ली

ठाणे-बेलापूर रस्त्यालगत ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटर उभी राहिली आहेत. तिथले सर्व्हर दिवसरात्र गुप्त किल्ल्या बनवत असतात. किल्ली म्हणजे माहिती कुलूपबंद करणारे, कुणालाही आधी ओळखता येणार नाहीत असे आकडे. यंत्र तर सांगितल्याबरहुकूम चालणारं! मग हे आकडे येतात सर्किटमधल्या उष्णतेच्या खळबळीतून, नेटवर्कवर पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, नेमकं कोणत्या क्षणी आलं यातून. पण हा माल कच्चा असतो. बिट म्हणजे ० किंवा १; कधी ० पेक्षा १ जास्त येतात, कधी आधीचा बिट पुढच्याला ओढतो.

गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९५१ मध्ये यावर एक युक्ती सांगितली, आणि ती आजही मला थक्क करते. बिट जोडीने घ्यायचे. ११ आणि ०० सरळ टाकून द्यायचे. १० आलं तर १ लिहायचा, ०१ आलं तर ०. समजा ११ १० ११ ०१ ११ १० असे आले, तर हाती उरतात १, ०, १. स्रोताचा कल १ कडे कितीही असो, १० आणि ०१ यांची शक्यता सारखीच राहते, कारण दोन्हींत एकदा १ आणि एकदा ० आहे. किंमत मात्र मोजावी लागते: नव्वद टक्के वेळा १ येत असेल, तर शंभर जोड्यांतून सरासरी अठराच कामाच्या.

अट अशी, की प्रत्येक बिट स्वतंत्र हवा. नेमकी तीच प्रत्यक्षात पाळली जात नाही. १९८०च्या दशकात मिक्लोश सांथा आणि उमेश वझिरानी या संगणकशास्त्रज्ञांनी सिद्ध केलं, की आधीचे बिट पुढच्याला थोडंसं जरी झुकवू शकत असतील, तर अशा एकाच स्रोतातून कुठल्याही ठरावीक सूत्राने जवळजवळ निःपक्षपाती असा एकही बिट हमखास काढता येत नाही. एकमेकांशी संबंध नसलेले दोन स्रोत असतील, तर मात्र वाट निघते. अगदी दुबळ्या, म्हणजे फार थोडी अनिश्चितता असलेल्या, दोन स्रोतांवरही चालणारी पद्धत ईशान चट्टोपाध्याय आणि डेव्हिड झुकरमन यांनी २०१६ मध्ये मांडली. सैद्धांतिक संगणकशास्त्रासाठी दिलं जाणारं २०२५ चं गोडेल पारितोषिक त्याच कामाला मिळालं.

स्रोतातच काही नसेल, तर कुठलंही गणित कामी येत नाही. २००८ मध्ये डेबियन लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधली चूक उघड झाली. किल्ल्या बनवताना अनिश्चितता उरली होती फक्त प्रोसेसच्या, म्हणजे चालू प्रोग्रॅमला संगणक देतो त्या, क्रमांकाची. किल्ल्या दिसायला लांबलचक, पण एका प्रकारच्या संगणकावर एका लांबीच्या जेमतेम ३२,७६८ शक्य होत्या. हल्लेखोराला त्या सगळ्या आधीच बनवून ठेवता येत होत्या.