अकापेला (डीजे मिश्रणातील)

अकापेला : वाद्यसाथ वगळून फक्त गायन किंवा रॅप उरलेला ट्रॅक. डीजे तो दुसऱ्या गाण्याच्या संगीतावर बसवून मॅशअप वा रीमिक्स करतात, किंवा चालू सेटमध्ये दोन गाण्यांचा सांधा जुळवायला वापरतात.

मूळ मल्टिट्रॅकमधून (प्रत्येक वाद्य व आवाज वेगळा असलेल्या ध्वनिमुद्रणातून) स्टुडिओने काढलेला अकापेला सर्वांत स्वच्छ. हिपहॉप आणि हाउसच्या १२ इंची सिंगल रेकॉर्डवर मूळ गाणे व इन्स्ट्रुमेंटल (गायनाशिवायचे संगीत) यांच्या जोडीला तो बरेचदा असे. म्हणून शोध अल्बमपासून नव्हे, सिंगलच्या आवृत्त्यांपासून सुरू करावा, आणि इंग्रजीत एक ‘पी’ व दोन ‘पी’ अशी दोन्ही स्पेलिंगे टाकून पाहावीत. रीमिक्स स्पर्धांसाठी कलाकार स्वतःहून स्टेम (गायन, ड्रम, बेस यांच्या सुट्या फायली) देतात, तेही उपयोगी. सीसीमिक्स्टर या संकेतस्थळावर क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखालील गायन मिळते. मात्र परवाना फाइलगणिक बदलतो आणि ‘एनसी’ (नॉन-कमर्शियल) लिहिलेली फाइल व्यावसायिक कामात चालत नाही.

इंटरनेटवर ‘स्टुडिओ’ म्हणून फिरणाऱ्या पुष्कळ फायली प्रत्यक्षात घरी वेगळ्या केलेल्या असतात. हेडफोन लावून दोन ओळींमधली फट ऐकावी. तिथे फक्त श्वास किंवा रिव्हर्बचे (घुमाऱ्याचे) शेपूट असेल तर फाइल अस्सल असण्याची शक्यता मोठी. हाय-हॅटची (ड्रमसेटमधल्या जोडझांजेची) कुजबुज ऐकू आली तर नाही.

अधिकृत अकापेला नसला, पण इन्स्ट्रुमेंटल मिळाले, तर वजाबाकी करता येते. दोन्ही फायली एकाखाली एक लावून इन्स्ट्रुमेंटलची पोलॅरिटी उलटी करायची, म्हणजे ध्वनिलहर वरची खाली करायची. सारखे संगीत परस्परांना खोडते आणि आवाज उरतो. जुळणी एका सॅम्पलपर्यंत (डिजिटल ध्वनीच्या सर्वांत लहान तुकड्यापर्यंत) अचूक हवी. ४४.१ किलोहर्ट्झला अवघ्या १० सॅम्पलचा फरक म्हणजे सुमारे ०.२३ मिलिसेकंद; तेवढ्यानेही बेस जवळजवळ जातो, पण झांजा तशाच राहतात, काही ठिकाणी उलट वाढतात. दोन्ही फायली एकाच मास्टरिंगच्या आणि वाव किंवा फ्लॅक अशा, ध्वनीत काटछाट न करणाऱ्या प्रकारच्या असाव्यात. एमपी३ मध्ये एन्कोडरने टाकून दिलेला भाग दोन्हींत वेगळा असतो, त्यामुळे खुळखुळाट उरतो. व्हिनाइलवरून उतरवलेल्या फायलींचा वेग हलतो, तिथे हा नाद सोडावा. मूळ गाण्यात गायन आले की लिमिटर (ध्वनीची पातळी ठराविक मर्यादेवर जाऊ न देणारे साधन) संगीत दाबतो, त्यामुळे चांगल्या जुळणीतही थोडी गळती राहते.

इन्स्ट्रुमेंटलही नसेल तर आता पूर्ण गाण्यातून गायन वेगळे काढणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम चालते. डीझर या संगीत-सेवेने २०१९ मध्ये असे स्प्लीटर हे सॉफ्टवेअर खुले केले. मेटाचे डेमक्स आणि अशी अनेक मॉडेल एकत्र वापरू देणारे अल्टिमेट व्होकल रिमूव्हर हेही मोफत आहेत. स्प्लीटरची मूळ मॉडेल ११ किलोहर्ट्झच्या वर काम करत नाहीत, त्यामुळे आवाज बोथट वाटतो. स, श ही अक्षरे आणि हाय-हॅट एकमेकांत मिसळणे, रिव्हर्ब तुटणे, सॅक्सोफोन किंवा लीड सिंथ गायनात शिरणे हे सगळ्यांचेच दोष. खाली भरगच्च ड्रम असतील तर हे दोष झाकले जातात. शांत ब्रेकडाउनमध्ये (ड्रम थांबलेल्या भागात) उघडे पडतात.

फाइल मिळाल्यावर खरी अडचण ग्रिडची, म्हणजे सॉफ्टवेअरने गाण्यावर आखलेल्या मात्रांच्या खुणांची. ड्रम नसल्याने डीजे सॉफ्टवेअर बीपीएम (मिनिटाला पडणाऱ्या मात्रा) चुकीचा काढते, कधी अर्धा किंवा दुप्पट. उपाय सोपा: मूळ पूर्ण गाण्याचे विश्लेषण करून त्याचा बीपीएम आणि पट्टी अकापेलाला हाताने द्यावी. पहिला शब्द म्हणजे पहिली मात्रा असे धरू नये. ओळ अनेकदा समेच्या आधीच उचललेली असते. क्यू (वाजवायला सुरुवात करण्याची खूण) शब्दावर लावला तरी ग्रिडची सुरुवात समेवरच हवी. मेट्रोनोमशिवाय वाजवलेल्या जुन्या गाण्यांत लय सरकते. तिथे एबलटन लाइव्हसारख्या सॉफ्टवेअरमध्ये दर चार-आठ बारला वॉर्प मार्कर (लय ताणून जुळवण्याच्या खुणा) लावल्याशिवाय गत्यंतर नाही.

१२४ बीपीएमचा अकापेला १२८ वर नेणे म्हणजे सुमारे ३.२ टक्के वाढ, ती सहज खपते. पट्टी कॅमेलॉट चक्रावर (जुळणाऱ्या पट्ट्या शेजारी मांडणाऱ्या, आकडा-अक्षरांच्या तक्त्यावर) पाहावी: ८ए सोबत ८ए, ७ए, ९ए किंवा ८बी. की-शिफ्ट (पट्टी वरखाली करणे) दोन सेमीटोनपलीकडे गेली की गळा खोटा वाटू लागतो. रॅपला पट्टीचे बंधन कमी.

मिसळताना अकापेलाचा १०० ते १५० हर्ट्झखालचा भाग कापावा आणि खालच्या संगीताचे मिड (मधल्या कंप्रता) किंचित उतरवावे. त्या संगीतातच गायन असेल तर आधी तिथल्या गायनाशिवायच्या भागात १६ किंवा ३२ बारचा लूप धरावा.

स्वतः वेगळा केला म्हणून अकापेलाचे हक्क मिळत नाहीत. ध्वनिमुद्रण आणि रचना, दोन्हींची परवानगी वेगवेगळी लागते. अपलोड केलेल्या मिक्समधला आवाज स्वयंचलित तपासणीत सहज ओळखला जातो.