बीटा एचसीजी आणि ‘दुप्पट’चा नियम

रात्री साडेदहाला धाकट्या जावेनं मोबाइल माझ्यापुढे धरला. पाळी चुकली होती, किटवर दोन रेघा आल्या होत्या, पण थोडा डाग दिसला म्हणून डॉक्टरांनी दोन दिवसांच्या अंतरानं दोनदा रक्त तपासायला सांगितलं होतं. बीटा एचसीजी म्हणजे गरोदरपणात रक्तात वाढणारं हॉर्मोन. त्याचा पहिला आकडा ३१२, दुसरा ४८९. ‘ताई, दोन दिवसांत दुप्पट व्हायला हवं ना? कुठं झालंय?’ एवढंच म्हणाली आणि गप्प झाली. डॉक्टर भेटणार सकाळी, रिपोर्ट मात्र रात्रीच हातात. हा ‘दुप्पट’ शब्द किती जणींची झोप उडवतो, ते मी जवळून पाहिलं आहे. म्हणून तो आला कुठून, ते सांगायला हवं.

सुरुवात बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात झाली. १९२७-२८ च्या सुमारास सेल्मार आश्हाइम आणि बर्नहार्ड झोंडेक यांनी दाखवून दिलं की, गरोदर बाईच्या लघवीत असं काहीतरी असतं ज्यानं वयात न आलेल्या उंदरीचं अंडाशयही जागं होतं. त्यांची तपासणी अशी होती: जेमतेम सहा-आठ ग्रॅम वजनाची उंदराची पाच मादी पिल्लं घ्यायची. तीन दिवसांत त्यांना लघवीची सहा इंजेक्शनं द्यायची. साधारण शंभर तासांनी पिल्लं मारून पोट उघडायचं आणि अंडाशयावर रक्ताचे लालसर ठिपके उमटलेत का, ते बघायचं. ठिपका दिसला की दिवस गेलेत. दोघेही ज्यू होते. नाझी राजवटीत त्यांना जर्मनी सोडावी लागली. झोंडेक पुढे जेरुसलेमला गेले, आश्हाइम फ्रान्सला.

त्यांना वाटलं होतं की हा पदार्थ मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतो. १९३८ च्या सुमारास अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात वारेच्या (प्लासेंटाच्या) पेशी काचेच्या भांड्यात वाढवल्या, ते काम करणाऱ्यांत जॉर्जिआना सीगर ही तरुण डॉक्टर होती. त्या पेशींनीच हॉर्मोन तयार केलं आणि मूळ सापडलं. गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागला की त्याची वार होऊ घातलेल्या पेशी एचसीजी सोडतात. अंडं बाहेर पडल्यावर अंडाशयात जी पिवळी गाठ मागे उरते, तिला हा निरोप असतो : प्रोजेस्टेरॉन बनवणं थांबवू नकोस. निरोप पोचला नाही तर पाळी येते.

उंदरांनंतर १९३१ मध्ये ससे आले, मग दक्षिण आफ्रिकेची झेनोपस बेडकी. लघवी टोचल्यावर ती काही तासांत अंडी घालायची, तिला मारावं लागत नसे. रिपोर्टवरचं ‘आययू’ म्हणजे आंतरराष्ट्रीय एकक याच काळातलं. हॉर्मोन वजनानं मोजता येत नव्हतं. प्राण्यावर किती परिणाम होतो, त्यावरून माप ठरलं. प्राणी गेले, माप राहिलं.

‘बीटा’ आला १९७२ मध्ये. तोवर रक्तातलं एचसीजी मोजताना मोठी अडचण होती. या हॉर्मोनचे अल्फा आणि बीटा असे दोन भाग असतात आणि त्यातला अल्फा हा भाग बीजनिर्मितीशी संबंधित एलएच आणि एफएसएच या हॉर्मोनमध्ये, थायरॉइडला चालना देणाऱ्या टीएसएचमध्येही तसाच असतो. त्यामुळे एलएचला एचसीजी समजण्याची चूक व्हायची. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत ज्युडिथ व्हायटुकायटिस, ग्लेन ब्राउनस्टीन आणि ग्रिफ रॉस यांनी फक्त बीटा भागाला पकडणारी तपासणी तयार केली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हाच सगळ्यात मोठा टप्पा. त्याआधी प्रश्न एकच असायचा, आहे की नाही. आता अगदी थोडं हॉर्मोनही आकड्यात सांगता येऊ लागलं, आणि आकडा आला की पाठोपाठ तुलना आलीच.

दुप्पटीची खूणगाठ बांधली गेली ती १९८१ च्या एका अभ्यासानं. निकोलस कादार आणि सहकारी नळीतला गर्भ, म्हणजे गर्भाशयाऐवजी बीजवाहिनीत रुजलेला गर्भ, वेळीच ओळखण्याच्या खटपटीत होते. तो फुटला तर बाईच्या जिवावर बेततं, आणि तेव्हाची पोटावरून होणारी सोनोग्राफी फार धूसर होती. त्यांनी सांगितलं की, नीट चाललेल्या गरोदरपणात ४८ तासांत आकडा किमान ६६ टक्क्यांनी वाढायला हवा. हा उंबरठा आधारलेला होता अवघ्या वीस स्त्रियांच्या रक्तावर. हेतू चांगला होता, त्यानं जीवही वाचले असतील. पण ६६ टक्के लक्षात राहायला अवघड, ‘दोन दिवसांत दुप्पट’ सोपं. तेच तोंडी बसलं.

२००४ मध्ये कर्ट बार्नहार्ट आणि सहकाऱ्यांनी २८७ स्त्रियांचे आकडे तपासले, तेव्हा किमान वाढ ५३ टक्के निघाली. २०१६ मध्ये त्यांनी त्यातही भेद केला : पहिला आकडा १५०० च्या खाली असेल तर ४९ टक्के, १५०० ते ३००० असेल तर ४०, त्याहून जास्त असेल तर ३३. आकडा जितका वर, तितका चढ मंद. आठव्या ते अकराव्या आठवड्याच्या सुमारास तो शिखर गाठतो आणि मग आपसूक उतरतो. आणि मैत्रिणीच्या आकड्याशी आपला ताडून बघायचा असेल, तर प्रचलित तक्त्यातली पाचव्या आठवड्याची ओळ आधी वाचावी : १८ ते ७३४०. दोन्ही टोकांच्या बायका निरोगी बाळं घेऊन घरी जातात.

चढ चांगला म्हणून नळीतला गर्भ नाहीच, असंही नसतं. कधी कधी तोही नेहमीसारखाच चढतो. पोटात एका बाजूला कळ, खांद्यात दुखणं, चक्कर, जास्त रक्त, यातलं काही झालं तर आकडा काहीही असो, रात्रीच्या रात्री दवाखाना गाठायचा.

जावेला यातलं काही होत नव्हतं. ३१२ वरून ४८९ म्हणजे ५७ टक्के वाढ. १९८१ च्या नियमानं नापास, २०१६ च्या नियमानं पास. सकाळी डॉक्टरांनी रिपोर्ट बघून दहा दिवसांनी सोनोग्राफीला यायला सांगितलं.