एचबीसीयूला अ‍ॅडमिशन मिळाली, मग फाफ्सा (सरकारी आर्थिक मदतीचा फॉर्म) कुठे अडकतो?

अमेरिकेतले मराठी पालक एक प्रश्न सारखा विचारतात, मुलीला हॉवर्डसारख्या एचबीसीयूला अ‍ॅडमिशन मिळतेय पण आम्ही कृष्णवर्णीय नाही, मग चालतं का? चालतं हो. १९६४ च्या आधी मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी निघालेलं आणि मान्यता असलेलं कॉलेज म्हणजे एचबीसीयू, ही १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्यातली अट कॉलेजला आहे, विद्यार्थ्याला नाही. बाकीच्यांनी दारं बंद ठेवली म्हणून ही कॉलेजं उभी राहिली, चेनी १८३७ चं, हॉवर्ड १८६७ चं. मार्टिन ल्यूथर किंग मोरहाउस या अशाच कॉलेजचे विद्यार्थी, आणि पुढे तिथले प्रेसिडेंट झालेले बेंजामिन मेज १९३० च्या दशकात आपल्या वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटून गेलेले.

आता पैसे. 'एचबीसीयूची सरकारी स्कीम' म्हणून जे ऐकता तो त्याच कायद्यातल्या 'टायटल थ्री' भागाचा निधी थेट कॉलेजला जातो, लॅब, इमारती, शिक्षक वगैरेंसाठी, आणि बऱ्याच राज्यांनी तर आपला वाटाही नीट दिलेला नाही, २०२३ मध्ये केंद्र सरकारनेच १६ राज्यांच्या गव्हर्नरांना तसं पत्र लिहिलं. तुमच्या हातात येतं ते पेल ग्रँट (परत न करायची सरकारी मदत) किंवा सरकारी लोन, आणि त्याचा फॉर्म कुठल्याही कॉलेजसाठी असतो तोच, फाफ्सा. तो फुकट आहे, भरून द्यायचे पैसे कोणी मागितले तर सरळ नाही म्हणा.

पात्रता: साधारणपणे मूल सिटिझन किंवा ग्रीन कार्डवालं हवं. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा), एच-४ (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) वाल्यांना सरकारी पैसा नाही, त्यांनी कॉलेजच्या स्वतःच्या स्कॉलरशिपचं विचारावं. पण मूल इथे जन्मलेलं आणि आईबाप एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असतील तर बिनधास्त भरा, तुमचा व्हिसा आड येत नाही, कितीतरी जण उगाच भरतच नाहीत.

सगळ्यात जास्त अडतं ते नावावर. आपल्याकडे वडलांचं नाव मधे, आडनाव कधी शेवटी तर कधी पासपोर्टवर सगळंच एका रकान्यात, आणि फाफ्साच्या अकाउंटमधलं नाव सोशल सिक्युरिटी कार्डाशी जुळलं नाही की व्हेरिफिकेशन फेल. कार्ड समोर ठेवून त्यावर आहे तसंच टाईप करा, बरोबर काय असायला हवं होतं ते सोडा.

दुसरं, पालकाची संमती. मुलाने सगळं भरलं तरी पालकाने स्वतःच्या लॉगिनने टॅक्सची माहिती घ्यायला परवानगी द्यावीच लागते, टॅक्स रिटर्न भरलं नसलं तरी, आणि नाही दिली तर सरकारी मदत शून्य. जॉइंट रिटर्न असेल तर आईवडलांपैकी एक पुरे.

फॉर्ममध्ये तुमची मालमत्ता मोजताना राहतं घर आणि ४०१-के (निवृत्तीसाठीचं खातं) धरत नाहीत, पण पुण्यातला भाड्याने दिलेला फ्लॅट इन्व्हेस्टमेंटमध्ये येतो बरं का, कर्ज वजा करून आजची किंमत डॉलरमध्ये लिहा.

आणि फॉर्मची शेवटची तारीख म्हणून ऐकता ती ३० जून. ती सरकारची शेवटची तारीख, तीही शैक्षणिक वर्ष संपतानाची. कॉलेजची प्रायॉरिटी डेट (जिच्या आत भरणाऱ्यांचा आधी विचार होतो) त्याच्या बरीच आधी असते आणि कॉलेजचा स्वतःचा पैसा त्या तारखेनुसार वाटला जातो, त्यामुळे फॉर्म निघाला की लगेच भरा आणि प्रत्येक कॉलेजची तारीख त्याच्या फायनान्शियल एड पानावर बघून घ्या.