लेझर सोर्स (सांगली-सातारा औद्योगिक पट्टा)

लेझर सोर्स म्हणजे पत्रा कापणाऱ्या यंत्रातला प्रत्यक्ष किरण तयार करणारा भाग. कुपवाड, मिरज, सातारा, शिरवळ इथल्या एमआयडीसीत जॉबवर्क करणाऱ्यांच्या तोंडी हा शब्द रुळला आहे. शास्त्रीय मराठीत ‘लेसर’ लिहितात, पण शेडवरच्या पाटीवर ‘लेझर कटिंग’च असते, या नोंदीत पाटीचेच रूप घेतले आहे. यंत्र घेणारा दोन प्रश्न विचारतो: मशीन कुणाचं आणि सोर्स कुणाचा? दोन्हींची उत्तरे पुष्कळदा वेगळी निघतात. या धंद्यातल्या कंपन्यांचा इतिहास बराचसा या दोन उत्तरांभोवतीच फिरतो.

पहिला लेझर थिओडोर मेमन यांनी मे १९६० मध्ये अमेरिकेतील ह्यूज कंपनीच्या प्रयोगशाळेत माणकाच्या कांडीतून मिळवला. जाड पत्रा सलग कापत जाण्याचा दम त्यात नव्हता. तो आला कार्बन डायऑक्साइडच्या लेझरमुळे, आणि तो शोधणारे कुमार पटेल १९३८ साली बारामतीत जन्मले. म्हणजे नीरा ओलांडली की सातारा जिल्हा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली पदवी घेऊन ते स्टॅनफर्डला गेले, आणि पुढे बेल प्रयोगशाळेत असताना १९६४ मध्ये त्यांचे हे काम जगापुढे आले. त्यांच्या लेझरच्या रूढ मिश्रणात नायट्रोजनचे रेणू विजेपासून ऊर्जा घेतात आणि टक्कर होताच ती कार्बन डायऑक्साइडच्या हवाली करतात. हेलियम उष्णता बाहेर काढतो. निघणाऱ्या किरणाची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर असते. लेझर कटिंगच्या पाट्या मिरवणाऱ्या आपल्या भागात हे बारामतीचे नाते किती जणांना ठाऊक आहे, याची शंकाच वाटते.

१९६७ मध्ये इंग्लंडमधील वेल्डिंग संशोधन संस्थेत पीटर हौल्डक्रॉफ्ट यांनी किरणाच्या जोडीला ऑक्सिजनचा झोत सोडून पोलादी पत्रा कापला. तापलेले लोखंड ऑक्सिजनमध्ये जळते आणि कापण्याच्या कामाला स्वतःच हातभार लावते. गॅस कटरवर हात बसलेल्या कारागिराला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

मशीनवाला आणि सोर्सवाला यांच्यातले अंतर मिटवण्याचे ठळक उदाहरण म्हणजे जर्मनीची ट्रुम्फ ही कंपनी. १९२३ मध्ये क्रिस्टियान ट्रुम्फ यांनी भागीदारांसह श्टुटगार्टमधले एक यांत्रिक वर्कशॉप विकत घेतले, तिथून ती सुरू झाली. पुढे पत्रा कातरण्याची आणि पंचिंगची (पत्र्यात ठोकून भोके पाडण्याची) यंत्रे हा तिचा जम बसलेला धंदा झाला. १९५० मध्ये शिकाऊ उमेदवार म्हणून दाखल झालेले बेर्टहोल्ड लायबिंगर कालांतराने कंपनीचे सूत्रधार झाले. १९७९ मध्ये कंपनीने पंचिंग आणि लेझर एकाच यंत्रात आणले, पण त्यातला लेझर अमेरिकेतून विकत घेतलेला होता. सोर्स दुसऱ्याच्या हातात असणे लायबिंगरांना मानवणारे नव्हते. १९८५ मध्ये एक किलोवॅटचा स्वतःचा कार्बन डायऑक्साइड लेझर बाजारात आला आणि मशीनवाला सोर्सवालाही झाला.

उलट बाजूने आली आयपीजी फोटॉनिक्स. मॉस्कोजवळच्या फ्र्याझिनोत व्हॅलेंटिन गापोन्त्सेव्ह यांनी १९९० मध्ये सुरू केलेली ही कंपनी नंतर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये स्थिरावली. तिचा भर कटिंग मशीनवर नव्हता, फायबर लेझरच्या सोर्सवर होता. यटर्बियम हे मूलद्रव्य मिसळलेल्या काचेच्या बारीक तंतूत डायोडचा, म्हणजे विजेवर प्रकाश देणाऱ्या छोट्या चिपचा, प्रकाश सोडायचा आणि साधारण १.०७ मायक्रोमीटरचा किरण मिळवायचा, ही त्यामागची कल्पना. २००० नंतर दूरसंचार क्षेत्रात मंदी आली, तेव्हा कंपनीने डायोडही घरीच बनवायला घेतले. फायबरमुळे किरण वळवणारे आरसे जुळवत बसण्याचे काम संपले, कारण किरण तंतूतूनच थेट कटिंग हेडपर्यंत जातो. विजेचे बिलही उतरले: वायूचा लेझर घेतलेल्या विजेचा जेमतेम दहावा हिस्सा प्रकाशात आणतो, फायबर तीस टक्क्यांच्या वर. पितळ आणि तांब्यावरून जुना किरण परत उसळायचा, तेही आता कापता येऊ लागले. पुढे शेंझेनची मॅक्स फोटॉनिक्स (२००४) आणि वुहानची रेकस (२००७) या चिनी कंपन्या उतरल्या, सोर्सच्या किमती घसरल्या आणि लहान शेडवाल्यालाही यंत्र परवडू लागले.

या भागाला पत्र्या-लोखंडाचे काम नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली, ती नांगरांच्या कारखान्यासाठी; साताऱ्यात धनजीशा कूपर यांचा कारखाना १९२२ पासूनचा. आज लेझरवर येणारे काम त्याच वळणाचे आहे: ट्रॉलीचे ब्रॅकेट, हळद शिजवायच्या कुकरचे भाग, द्राक्षबागेतल्या ब्लोअरच्या प्लेटा, आणि लग्नसराईच्या आधी बंगल्याच्या गेटवरचे मोर नि ‘मातृछाया’. कुणी संगणकावर काढलेल्या आराखड्याची डीएक्सएफ फाइल आणतो, कुणी पुठ्ठ्यावर कापलेला नमुना. एमएसला (साध्या पोलादाला) ऑक्सिजनचा झोत, एसएसला (स्टेनलेस स्टीलला) नायट्रोजनचा. कड काळी पडू द्यायची नसेल तर नायट्रोजनचा खर्च सोसावा लागतो.

सकाळी ऑपरेटर नॉझलखाली, म्हणजे किरण आणि झोत बाहेर पडतो त्या तोटीखाली, सेलोटेपचा तुकडा चिकटवून एकच पल्स मारतो. टेपवर नॉझलच्या कडेचा गोल ठसा उमटलेला असतो; भोक त्याच्या बरोबर मध्ये पडले तर ठीक, नाहीतर स्क्रू फिरवून पुन्हा टेप. हे न पाहता आठ बाय चारचा पत्रा चढवला, तर एका बाजूची कड गुळगुळीत आणि दुसरीला खाली बर, म्हणजे वितळून थिजलेला धातू, लोंबते. कापलेला तुकडा तिरपा उभा राहून हेडला धडकण्याची भीती असते, म्हणून लहान तुकडे केसाएवढ्या जोडावर मुद्दाम अडकवून ठेवतात.

अलीकडे तोच फायबर सोर्स हातातल्या वेल्डिंग गनला जोडलेला दिसतो. एसएसच्या रेलिंगला तो सोयीचा आहे. मात्र गणपतीच्या मिरवणुकीतला लेझर निदान दिसतो तरी. हा फायबरचा किरण दिसत नाही आणि थेट डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचतो. नेहमीच्या वेल्डिंगचा काळा चष्मा इथे चालत नाही. वेगळा चष्मा लागतो आणि तो कोणत्या तरंगलांबीसाठी आहे, हे त्याच्यावरच छापलेले असते. फायबरसाठी त्या पल्ल्यात १०७० नॅनोमीटर (म्हणजेच वरचे १.०७ मायक्रोमीटर) बसायला हवेत.